एकाच दिवसाचे दोन कायदे : गोव्यातील देहान्त शासनाचा इतिहास

पोर्तुगालचा राजा दों लुईश पहिला याच्या कारकिर्दीत, 1 जुलै 1867 ही एकच तारीख धारण करणारे दोन कायदे लिस्बन येथे निघाले. त्यांपैकी एकाने विवाह, वारसा, मालमत्ता आणि करार यांचे नियमन करणारी नागरी संहिता मंजूर केली, तर दुसऱ्याने तुरुंगांची आणि शिक्षांची सुधारणा करताना सर्व नागरी गुन्ह्यांसाठी, म्हणजे लष्करी कायद्याच्या कक्षेबाहेरच्या सर्व गुन्ह्यांसाठी, देहान्त शासन रद्द केले. दोन्ही कायदे तीन वर्षांच्या आत समुद्र ओलांडून गोव्यात पोहोचले. 18 नोव्हेंबर 1869 च्या फर्मानाने नागरी संहिता समुद्रापारच्या प्रांतांना लागू होऊन 1 जुलै 1870 पासून ती अमलात आली, आणि त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, 9 जून 1870 च्या फर्मानाने, देहान्त शासनाची बंदीही त्याच प्रांतांत आली. या जुळ्या भावंडांपैकी पहिले आजही गोव्यात नांदते आहे आणि समान नागरी कायद्याचा विषय निघाला की त्याचे नाव संसदेपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत आदराने घेतले जाते. दुसरे मात्र 1961 नंतर नाहीसे झाले आणि त्याच्यासाठी कोणी सुतकही पाळले नाही. भारतात देहान्त शासन असावे की नसावे या वादात दाखला म्हणून त्रावणकोर संस्थानाने 1944 साली केलेल्या बंदीचा उल्लेख कधीमधी होतो, परंतु आजच्या भारताच्या एका राज्यात ही शिक्षा सामान्य कायद्यातून नव्वदहून अधिक वर्षे हद्दपार होती, ही गोष्ट त्या वादात सहसा येत नाही.

जुन्या मराठीत ‘शासन’ या शब्दाचा एक अर्थ शिक्षा असाही आहे, आणि म्हणूनच देहाचा अंत करणाऱ्या शिक्षेला ‘देहान्त शासन’ म्हणत. फाशी हा तिचा केवळ एक प्रकार. गोव्यात पोर्तुगीज सत्तेच्या पहिल्या तीन शतकांत या शासनाचे अनेक प्रकार पाहायला मिळाले. 1603 साली जारी झालेली फिलिपी संहिता ही पोर्तुगालची मुख्य कायदेसंहिता असून तिच्या पाच ग्रंथांपैकी पाचवा गुन्हे आणि शिक्षा यांना वाहिलेला होता, आणि राजद्रोहापासून खोटी नाणी पाडण्यापर्यंतच्या गुन्ह्यांना त्यात मृत्यूचीच शिक्षा होती. जुन्या गोव्यात ‘हात कातरो खांब’ या नावाने ओळखला जाणारा काळ्या दगडाचा स्तंभ आजही उभा आहे. तो मुळात कदंबकालीन देवळाचा असावा असे मानले जाते आणि लोकसमजूत त्याचा संबंध इन्क्विझिशनशी जोडते, परंतु पोर्तुगीज नगरांत गुन्हेगाराला बांधून चारचौघांत शिक्षा देण्यासाठी असा खांब रोवण्याची प्रथाच होती आणि तो त्याच कामी आला असण्याचा संभव अधिक आहे.

इन्क्विझिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्ममताशी प्रतारणा करणाऱ्यांची चौकशी करणारे धर्मन्यायपीठ, गोव्यात 1560 साली स्थापन झाले, 1774 मध्ये बंद पडले, 1778 मध्ये पुन्हा सुरू झाले आणि 1812 साली कायमचे संपले. त्याची जी आकडेवारी अभ्यासकांनी नोंदींवरून मांडली आहे, तिच्यानुसार 1774 पर्यंत सोळा हजारांहून अधिक जणांवर खटले चालले, 57 जणांना प्रत्यक्ष आणि 64 जणांना पुतळ्याच्या रूपाने जाळण्यात आले. मराठीचे व्यासंगी संशोधक अनंत काकबा प्रियोळकर यांनी या न्यायपीठावरील आपला इंग्रजी ग्रंथ 1961 साली, गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, प्रसिद्ध केला. या न्यायपीठाच्या कार्यपद्धतीतील एक बारकावा देहान्त शासनाच्या इतिहासात विशेष महत्त्वाचा आहे. चर्चने रक्त सांडू नये असा दंडक असल्यामुळे धर्मन्यायपीठ स्वतः कोणालाही ठार करीत नसे. ते अपराध्याला ‘ऐहिक सत्तेच्या हवाली’ करीत असे, आणि जाळण्याचा अंतिम हुकूम राजाचे न्यायाधीश देत. निवाडा एकाचा आणि वध दुसऱ्याचा, अशी ही वाटणी होती, आणि आपल्या हाताला रक्त लागले नाही असे दोघांनाही म्हणता यावे, एवढा तिचा उपयोग होता.

न्यायालयाच्या वाटेलाही न जाता केलेली हत्या त्या काळात होतीच. 1583 साली साष्टीतील कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट धर्मगुरूंचा वध झाल्यानंतर तेथील गावकारांना, म्हणजे गावाच्या मूळ हक्कदारांच्या प्रमुखांना, बोलणीसाठी असोळणे येथे बोलावून ठार मारण्यात आले. हा प्रसंग येथे नोंदवण्याचे कारण असे की देहान्त शासन कायद्यात असणे आणि राज्यसत्तेने माणसे मारणे या दोन गोष्टी एकमेकींच्या सावल्या नाहीत. एक असून दुसरी नसू शकते आणि एक नसून दुसरी असू शकते, हे गोव्याच्या पुढील इतिहासात ठळकपणे दिसते.

कायद्यातील देहान्त शासनाचा गोव्यातील सर्वांत गाजलेला प्रसंग 1787 च्या पिंटो कटाचा आहे. कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कटात गोमंतकीय धर्मगुरू आणि लष्करातील देशी अंमलदार सामील होते, आणि वरिष्ठ धर्मपदे व लष्करी हुद्दे गोऱ्यांनाच मिळतात हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे होते. कट फुटला, 47 जणांना अटक झाली, आणि त्यांपैकी 15 जणांना 1788 साली पणजी येथे देहान्त शासन देण्यात आले. कटात सामील असलेल्या धर्मगुरूंना मात्र फासावर न चढवता जहाजाने लिस्बनला धाडण्यात आले, आणि तेथे निवाड्याविना वर्षानुवर्षे किल्ल्यात कोंडून ठेवण्यात आले. हा भेद वाचताना त्याच शतकातल्या पेशवाईची आठवण होणे अपरिहार्य आहे. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी लिहिलेल्या आपल्या अहवालात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने ब्राह्मणांना देहान्त शासन होत नसे हे नमूद केले आहे. अशा अपराध्याची रवानगी गडावरच्या कैदेत होई. तेरेखोलच्या खाडीच्या दोन्ही तीरांवर धर्म वेगळे होते, कायदे वेगळे होते, पण धर्मकार्य करणाऱ्या वर्गाच्या गळ्यात दोर पडू नये याविषयी दोन्हीकडची सत्ता सारखीच दक्ष होती. याउलट जी माणसे फासावर गेली ती बहुतांशी लष्करातील होती, आणि त्यांच्याबाबतीत फिलिपी संहितेची धार जराही बोथट झाली नाही.

एकोणिसाव्या शतकात पोर्तुगालमध्ये जे बदलले ते गोव्यात घडलेल्या कशाहीमुळे बदलले नाही. यादवी युद्धानंतर तेथे उदारमतवादी राज्यघटना स्थिर झाली. 1846 नंतर सामान्य गुन्ह्यासाठी तेथे कोणालाही मारण्यात आले नाही, 5 जुलै 1852 च्या घटनादुरुस्तीने राजकीय गुन्ह्यांसाठीचे देहान्त शासन रद्द झाले, आणि पंधरा वर्षांनी न्यायमंत्री बार्जोना द फ्रेताश यांच्या पुढाकाराने उरलेल्या नागरी गुन्ह्यांचीही त्यातून सुटका झाली. यातील क्रम मोठा लक्षणीय आहे. बहुतेक देशांनी सामान्य गुन्हेगाराला आधी आणि राज्याच्या शत्रूला सर्वांत शेवटी सूट दिली. पोर्तुगालने राजद्रोह्याला आधी आणि खुन्याला नंतर सोडले. ज्या राजकारण्यांनी ही दुरुस्ती केली त्यांच्यापैकी अनेकांनी यादवीच्या काळात स्वतः तुरुंग आणि परागंदा जीवन भोगले होते, आणि आजचा मंत्री हा उद्याचा राजद्रोही असू शकतो हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. 1867 च्या कायद्याबद्दल फ्रेंच साहित्यिक व्हिक्टर ह्यूगो याने पोर्तुगालचे जाहीर अभिनंदन केले. देहान्ताच्या जागी त्या कायद्याने जन्मभराची एकान्तकोठडी आणली होती. पण तीही टिकली नाही, कारण 1884 साली पोर्तुगालने जन्मठेपच रद्द केली. देहान्त नाही आणि जन्मठेपही नाही अशी शिक्षापद्धती त्या काळच्या युरोपात अत्यंत दुर्मीळ होती, आणि वसाहतीचा प्रदेश म्हणून ती गोवा, दमण आणि दीव यांच्याही वाट्याला आली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्यावरचा नकाशा त्यामुळे असा दिसत होता की सावंतवाडी आणि रत्नागिरीच्या बाजूला खुनासाठी फाशी होती, आणि पेडणे व सत्तरीच्या बाजूला ती नव्हती. ब्रिटिश हिंदुस्थानात 1862 पासून अमलात आलेल्या भारतीय दंडसंहितेने खून आणि राजाविरुद्ध युद्ध या दोहोंसाठी मृत्यूची तरतूद केली होती. एवढेच नव्हे, तर 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार देहान्तास पात्र असलेल्या गुन्ह्यात न्यायाधीशाने सौम्य शिक्षा दिली तर तसे का केले याचे कारण त्याला लिहावे लागे. फाशी हा नियम आणि जीवदान हा अपवाद होता. गोव्यात याच काळात सर्वांत मोठी शिक्षा दीर्घ कैदेची आणि ‘देग्रेदो’ची, म्हणजे आफ्रिकेतील वा तिमोरमधील वसाहतींत हद्दपारीची होती. 1895 साली मोझांबिकला जाण्यास नकार देणाऱ्या मराठा शिपायांनी पणजीत बंड केले आणि सत्तरीच्या राणे घराण्यातील लोकांनी त्यात उडी घेतली, तेव्हा राजाचा भाऊ स्वतः सैन्य घेऊन लिस्बनहून आला. उठाव मोडल्यावर राण्यांपैकी कित्येकांना समुद्रापार पाठवण्यात आले. दोनच वर्षांनी पुण्यात प्लेग अधिकारी रँड याचा वध झाला आणि 1898 व 1899 मध्ये दामोदर, वासुदेव आणि बाळकृष्ण हे तिघे चापेकर बंधू व महादेव रानडे येरवड्यात फासावर गेले. हद्दपारी ही सौम्य शिक्षा होती असे समजण्याचे कारण नाही, कारण तिमोर वा आफ्रिकेतून परतण्याची आशा फार थोड्यांनी धरावी अशीच ती व्यवस्था होती. तरीही परत येण्याची शक्यता असणे आणि नसणे यांत जे अंतर आहे ते राहतेच.

पोर्तुगीज प्रजासत्ताकाने 1911 च्या राज्यघटनेत कोणत्याही कारणासाठी देहान्त शासन आणता येणार नाही असे लिहिले. पहिल्या महायुद्धात ती तरतूद थोडी वाकवून परराष्ट्राशी युद्ध चालू असताना प्रत्यक्ष रणभूमीवर ही शिक्षा देण्याची मुभा 1916 मध्ये ठेवण्यात आली, आणि 1917 साली फ्रान्समध्ये एका पोर्तुगीज सैनिकाला तिच्याखाली गोळ्या घालण्यात आल्या. पुढे सालाझारच्या हुकूमशाहीने 1933 ची राज्यघटना केली. तिने वर्तमानपत्रांवर नियंत्रण आणले, पक्ष बंद केले, गुप्त पोलीस उभे केले, पण देहान्त शासनाची बंदी, तोच रणभूमीचा अपवाद वगळता, कायम ठेवली.

गोव्याच्या मुक्तिलढ्याचा इतिहास या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे त्यातील शिक्षांचे आकडे वेगळे बोलू लागतात. 18 जून 1946 रोजी मडगावात राममनोहर लोहिया यांनी सभाबंदी मोडल्यानंतर त्रिस्तांव द ब्रागांस कुन्य यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालून त्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात नेण्यात आले. तेलू माश्कारेन्यश यांना 24 वर्षे झाली. मूळचे सांगलीकडचे असलेले आणि आझाद गोमंतक दलातून सशस्त्र लढा देणारे मोहन रानडे 1955 साली बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, आणि त्यांना 26 वर्षांची शिक्षा होऊन पुढे पोर्तुगालच्या तुरुंगात धाडण्यात आले. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांच्यासारख्यांनी महाराष्ट्रात मोहीम चालवली आणि गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटल्यावर, 1969 च्या आरंभी, ते सुटले. याच कृत्यासाठी सरहद्दीपलीकडे, ब्रिटिश अमलात, काय झाले असते हे तर्काने सांगण्याची गरज नाही. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली, आणि सोलापुरातील 1930 च्या उठावानंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात. इंग्रजांच्या संसदीय लोकशाहीने महाराष्ट्राला हुतात्म्यांच्या फाशीच्या तारखा दिल्या, आणि सालाझारच्या हुकूमशाहीने रानड्यांना परत दिले. ही विसंगती कोणत्याही बाजूच्या अभिमानाला सोयीची नाही.

तथापि यावरून पोर्तुगीज सत्तेच्या दयाळूपणाचे गोडवे गाणे ही निव्वळ फसगत ठरेल. 1955 सालीच बाळा राया मापारी यांना पोलीस कोठडीतील छळाने मृत्यू आला, आणि त्याच वर्षी 15 ऑगस्टला पत्रादेवीसह निरनिराळ्या ठिकाणांहून गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रह्यांवर झालेल्या गोळीबारांत वीसहून अधिक जण ठार झाले. यांपैकी एकाही मृत्यूसाठी कोणाला निकालपत्र लिहावे लागले नाही. न्यायाधीशाला जो अधिकार 1870 पासून नव्हता तो शिपायाच्या बंदुकीला अखेरपर्यंत होता, आणि डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य सरहद्दीवर उभे असताना सालाझारने गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्ह यांना जी तार केली तिचा आशय असा होता की पोर्तुगीज सैनिक एकतर विजयी व्हावेत किंवा मरावेत. व्हासालु इ सिल्व्ह यांनी तीन हजारांहून अधिक सैनिकांसह शरणागती पत्करली. मायदेशी परतल्यावर त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले.

मुक्तीनंतर जे घडले ते कायद्याच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. 19 डिसेंबर 1961 रोजी पोर्तुगीज राज्य संपले, पण पोर्तुगीज कायदे त्या दिवशी संपले नाहीत. 1962 च्या गोवा, दमण आणि दीव प्रशासन कायद्याने अशी व्यवस्था केली की आधीपासून चालत आलेले सर्व कायदे सक्षम विधिमंडळ वा अधिकारी ते बदलेपर्यंत चालू राहतील. म्हणजे पोर्तुगीज सत्ता गेल्यानंतरही काही काळ गोव्यात देहान्त शासन नव्हतेच. त्याच वर्षीच्या एका विनियमाने, म्हणजे केंद्रशासित प्रदेशासाठी राष्ट्रपतींनी केलेल्या नियमसंग्रहाने, भारतीय दंडसंहितेसह अनेक कायदे गोव्याला लागू करण्याचे ठरले, आणि ती संहिता अमलात येताच 1870 ची बंदी आपोआप मिटली. ती रद्द करणारा स्वतंत्र ठराव झाला नाही, तशी गरजही नव्हती. ज्याप्रमाणे ती गोमंतकीयांच्या मागणीवाचून एका फर्मानाने आली होती, त्याचप्रमाणे ती त्यांच्या संमतीवाचून एका परिशिष्टातील नोंदीने गेली. फाशीविरुद्ध गोव्यात कधी चळवळ झाली नाही, म्हणून फाशी परत आल्याचा निषेधही झाला नाही, आणि मुक्तीच्या उत्साहात पोर्तुगीजांची कोणतीही गोष्ट राखावी असे म्हणणे त्या काळी शोभलेही नसते.

नागरी संहिता मात्र राहिली, आणि ती का राहिली हे पाहण्यासारखे आहे. घराण्याची मालमत्ता, वारसांचे हिस्से, विवाहापूर्वीचे करार यांत हजारो कुटुंबांचे हितसंबंध गुंतले होते. हिंदूंच्या काही रूढींना 1880 च्या फर्मानाने त्यात जागाही मिळाली होती. तो कायदा हलवला तर घरोघरी हिशेब चुकले असते. देहान्त शासनाच्या बंदीत ज्याचा हितसंबंध असतो तो माणूस सहसा तुरुंगात असतो, आणि त्याचे घराणे विधिमंडळात नसते. पुढे वारसाविषयक तरतुदी 2012 च्या गोव्याच्या कायद्याने नव्याने लिहिल्या गेल्या, तरी त्या संहितेचा साचा टिकून आहे, आणि 2019 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोव्याचा गौरव उज्ज्वल उदाहरण म्हणून केला.

त्रावणकोरचेही असेच झाले होते. संस्थान विलीन होऊन भारतीय दंडसंहिता तेथे पोहोचली तशी 1944 ची बंदी संपली. देशपातळीवर घटना समितीत 3 जून 1949 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, फाशीच्या अपिलांची तरतूद करत बसण्यापेक्षा ही शिक्षाच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत आहे असे मत मांडले होते, पण ते मतच राहिले. 1955 च्या दुरुस्तीने सौम्य शिक्षेचे कारण लिहिण्याची सक्ती गेली, 1973 च्या संहितेने उलट फाशीसाठीच विशेष कारणे मागितली, आणि 1980 च्या बच्चन सिंग खटल्यात ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ ही कसोटी आली. मधल्या काळात, पोर्तुगीज कायद्याला बरोबर शंभर वर्षे होत असताना, 1967 साली, विधी आयोगाने आपल्या पस्तिसाव्या अहवालात देहान्त शासन ठेवावे अशी शिफारस केली. 2015 च्या अहवालात आयोगाने दहशतवादी गुन्हे वगळता ते रद्द करण्याचे सुचवले. ती सूचना बाजूला ठेवून केलेली भारतीय न्याय संहिता, योगायोगाने, 1 जुलै 2024 रोजी अमलात आली.

लिस्बनचा जुना कायदा गोव्यातून गेला तरी मुंबईत तो एकदा आडवाटेने येऊन गेला. 1993 च्या बॉम्बस्फोट खटल्यातील आरोपी अबू सालेम पोर्तुगालमध्ये पकडला गेल्यावर त्याचा ताबा मिळवण्यासाठी भारत सरकारने 2002 साली लेखी हमी दिली की त्याला देहान्त शासन होणार नाही आणि 25 वर्षांपेक्षा अधिक कैदही होणार नाही. पोर्तुगालच्या कायद्यात फाशीही नव्हती आणि जन्मठेपही नव्हती, आणि तेथील न्यायालये याखेरीज त्याला सोडणार नव्हती. 2005 मध्ये त्याला भारतात आणण्यात आले. 2017 साली मुंबईच्या टाडा न्यायालयाने त्याच खटल्यात दोघांना फाशी सुनावली आणि सालेमला जन्मठेप. त्या जन्मठेपेचा अर्थ काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि जुलै 2022 मध्ये न्यायालयाने सांगितले की 25 वर्षे भरल्यावर केंद्र सरकारने दिलेल्या शब्दाप्रमाणे राष्ट्रपतींना त्याच्या सुटकेचा सल्ला द्यावा लागेल.